दुष्काळ, गाव आणि बाईचा हक्क

मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाला हवामानबदल समजावून सांगावा लागत नाही. २०१२ ते २०१५ या चार पावसाळ्यांपैकी तीन दगा देऊन गेले. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात असा पाऊस कोसळला की काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि नदीकाठच्या रानांतली मातीसुद्धा खरवडून निघाली. पावसाचे हे बिघडलेले वेळापत्रक दुरुस्त करणे एका गावाच्या हाती नाही. पण आहे त्या पावसाशी पीक, पाणी, बियाणे, मजुरी आणि घरातले धान्य यांचा मेळ नव्याने घालणे मात्र बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहे. बांधबंदिस्ती करायची की बोअर मारायचे, सोयाबीन पेरायचे की ज्वारी-तूर, हंगाम गेला तर गावात राहायचे की ऊसतोडीला जायचे, हे निर्णय गावात आणि घरात होतात. लोकांनी आपल्या पुढाकाराने केलेल्या या जुळवाजुळवीला आता हवामान अनुकूलन म्हणतात. त्या अनुकूलनात स्त्रीचे स्थान काय आहे आणि काय असायला हवे, हा पुढील पानांचा विषय आहे.

अनुकूलनाच्या आराखड्यांत समानतेचा मुद्दा सहसा शेवटी येतो. पाणलोट, पीकपद्धती, विमा, हवामान सल्ला अशी ठळक प्रकरणे झाली की महिलांच्या सहभागावर एक परिच्छेद लिहिला जातो. ही मांडणी उलटी आहे, असे मला वाटते. गावाच्या अनुकूलनातली बरीच मेहनत आज बायकाच करतात, त्यामुळे त्यांच्या सहभागाची उणीव हा खरा प्रश्न नाही. जमीन, पाणी आणि निर्णय या तिन्हींवर त्यांचा हक्क नाही, हा खरा प्रश्न आहे. राबणे एकीकडे आणि ठरवणे दुसरीकडे असे जिथे असते, तिथे अनुकूलन अन्यायाचे तर होतेच, शिवाय कच्चेही राहते. कारण ज्या व्यक्तीला संकटाची झळ सर्वांत आधी लागते आणि उपायाचा भारही वाहावा लागतो, तिचे म्हणणे निर्णयात उतरतच नाही. या प्रस्तावनेतले सगळे विवेचन याच एका म्हणण्याभोवती आहे.

संकट सर्वांवर सारखेच येते, हा समज आधी तपासू. एरिक नॉयमायर आणि थॉमस प्लुंपर या संशोधकांनी १४१ देशांतल्या १९८१ ते २००२ या काळातल्या आपत्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या आपत्तींत स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटते, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जिथे स्त्रियांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती चांगली होती तिथे हे अंतर कमी होते. याचा अर्थ हा फरक निसर्गाने घालून दिलेला नाही. आपत्तीपूर्वी समाजाने बाईला जी जागा दिलेली असते, तिचा तो परिणाम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये २४ देशांच्या अभ्यासातून असेच चित्र मांडले. ग्रामीण भागात उष्णतेच्या ताणामुळे स्त्रीप्रमुख कुटुंबांचे उत्पन्न पुरुषप्रमुख कुटुंबांच्या तुलनेत ८ टक्क्यांनी आणि पुरामुळे ३ टक्क्यांनी अधिक घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ढग साऱ्या गावावर सारखाच रुसतो, पण त्याचा हिशेब घरोघरी वेगळा लागतो.

हा हिशेब वेगळा का लागतो, याचे उत्तर आपल्याकडे बऱ्याच अंशी सातबाऱ्यात आहे. ग्रामीण भारतात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघी शेतीत राबतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आहे आणि त्यांच्याकडचे क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत आहे. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, अतिवृष्टीनंतर पंचनामा झाला तरी भरपाई तिच्या खात्यात नाही. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीशी बांधलेले आहे, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरच मिळतो. म्हणजे हवामानाच्या धक्क्यातून सावरण्यासाठी सरकारने जी जी साधने उभी केली आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे दार एकाच कागदाने उघडते, आणि तो कागद बाईच्या हाती नाही. नवरा हयात असेपर्यंत ही उणीव झाकलेली राहते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर घर चालवणाऱ्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कर्जाची परतफेड, मुलांचे शिक्षण आणि पुढची पेरणी या जबाबदाऱ्या मात्र त्यांच्याकडे लगेच आल्या होत्या.

पावसाने हात आखडता घेतल्यावर कोरडवाहू कुटुंबाने शोधलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे स्थलांतर. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास साखरपट्ट्यात ऊसतोडीला जातात. इथे मजुरीचा हिशेब कोयत्यावर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते आणि मुकादमाशी बोलणी पुरुष करतो. एखादा दिवस बुडाला तर खाडा पडतो, मग कारण पाळीचे असो की बाळंतपणाचे. फडातले काम संपल्यावर कोपीवरचा स्वयंपाक आणि पाणी बाईच्याच वाट्याला येते. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कुटुंबाच्या हिशेबात हे स्थलांतर यशस्वी अनुकूलन ठरते, कारण दुष्काळी वर्षात घर तगले. पण ते तगवण्याची किंमत एका व्यक्तीच्या शरीराने मोजली आणि कुठल्याही आराखड्यात तिची नोंद झाली नाही. अनुकूलनाचे मोजमाप कुटुंब हे एकक धरून केले की घरातली विषमता दिसेनाशी होते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

गावात राहून केलेल्या उपायांचा इतिहासही याच प्रश्नाकडे नेतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या मजुरांत बायकांची संख्या मोठी होती. त्याच अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात आली आणि मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दिले. पुढे पाणलोट विकासाचे पर्व आले. २०१६ ते २०१९ च्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धांत हजारो स्त्रियांनी कुदळ-फावडे हाती घेतले. हा उत्साह खरा होता आणि त्याने अनेक शिवारांत पाणी अडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि ज्याची विहीर त्याच्या मोटारीने वर येते. श्रमदान सर्वांचे असले तरी पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीमागे चालत जातो. भूमिहीन बाईने खणलेल्या चराचे पाणी तिच्या वाट्याला हंडाभरही येईल याची हमी नसते.

ही गोष्ट अटळ नाही, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरवायचा, भूमिहीनांनाही वाटा द्यायचा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही, आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे त्याचे नियम होते. पाणी ही जमिनीला चिकटलेली मालमत्ता नसून जगण्याचा आधार आहे, हे तत्त्व त्यामागे होते. माणसागणिक वाटा म्हटल्यावर बाईही मोजणीत आली. हे तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्यायला हवे: तिचा वाटा कुटुंबाच्या गणितात मोजून थांबू नये, तो तिच्या नावावर असावा.

निर्णय बाईच्या हाती आला तर शेतात काय बदलते, हे धाराशिव आणि लातूरच्या गावांत पाहता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीत गावोगावच्या स्त्रियांनी संवाद साहाय्यक म्हणून काम केले. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने त्यातूनच स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आकाराला आली. पुढे दुष्काळाची वर्षे सलग येऊ लागली, तेव्हा या स्त्रियांनी घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर आपल्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घेतला. त्यावर एकाच नगदी पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद आणि भाजीपाला अशी मिसळ केली, गांडूळखत आणि घरचे बियाणे वापरले, थोडे पाणी पुरवून पुरवून दिले. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. यातले शेतीतंत्र कोणत्याही कृषी पुस्तिकेत सापडेल. नवे आहे ते तंत्र कोणी निवडले हे. एका पिकावर सगळा हंगाम लावणे आणि अनेक पिकांत धोका वाटून घेणे या दोन रीतींत, पाऊस बेभरवशाचा झाल्यावर, दुसरी शहाणपणाची ठरते, आणि बायकांनी ती निवडली.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. स्त्री निसर्गाच्या अधिक जवळ असते म्हणून ती आपोआप पर्यावरणाची राखण करते, असे अनेकदा गौरवाने म्हटले जाते. हे म्हणणे आकर्षक असले तरी फसवे आहे. घरच्या ताटात वर्षभर काय पडेल याची काळजी तिच्यावर सोपवलेली आहे, म्हणून तिला ज्वारीचे मोल आधी कळते. पाणी तिलाच आणावे लागते, म्हणून विहिरीचा तळ तिला आधी दिसतो. तिचे ज्ञान श्रमविभागणीतून आलेले आहे. त्याला जन्मजात गुण मानले की त्याच श्रमविभागणीला आपण पूज्य ठरवतो आणि हवामानाच्या संकटातून गावाला तारण्याचे आणखी एक बिनपगारी काम तिच्यावर टाकतो. समानतेचा अर्थ तिचे ज्ञान निर्णयात यावे आणि तिचे ओझे पुरुषांनी, समाजाने व सरकारने वाटून घ्यावे, असा दुहेरी आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की समित्यांत बायका बसवल्याने काही होत नाही. कारभार नवराच पाहतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे, जलजीवन मिशनच्या पाणी समित्यांतही निम्म्या स्त्रिया असाव्यात असे धोरण आहे, आणि तरी सरपंचपती हे वास्तव आहे. हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला होता, आणि तिथल्या स्त्रियांच्या मुख्य तक्रारींत पाणी होते. बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा दीर्घ अभ्यास २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. कार्यकारिणीत स्त्रियांचे प्रमाण पाव ते एक तृतीयांशापर्यंत पोचले की त्या बैठकांना येऊ लागतात आणि बोलूही लागतात, असे त्यांना दिसले. नेपाळमध्ये केवळ स्त्रियांच्या कार्यकारिणीकडे बहुधा लहान आणि उजाड वनक्षेत्र आले होते, तरी तिथे जंगल अधिक चांगले सावरले. एकटी-दुकटी बाई नावापुरती राहते. संख्या पुरेशी झाली की आवाजाला बळ येते. नामधारीपणावरचा उपाय म्हणून जागा कमी करायच्या नसतात, त्यांच्यासोबत माहिती, निधीवरचा अधिकार आणि सोयीची बैठकीची वेळ द्यायची असते.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. दुष्काळात पुरुषही होरपळतो, कर्जाचा फास त्याच्याही गळ्याला बसतो, अनेक शेतकऱ्यांनी त्यापायी जीव दिला. मग गावात स्त्री-पुरुष असा भेद कशाला? पुरुषाचे दुःख खरे आहे आणि ते कमी लेखून कोणतीही समानता उभी राहणार नाही. पण घराचा सगळा धोका एकट्या पुरुषाच्या नावावर, एकट्याच्या कर्जावर आणि एकट्याच्या अब्रूवर ठेवणारी व्यवस्था त्यालाही चिरडते. जमीन आणि निर्णय दोघांचे झाले तर कर्जाची चिंताही दोघांची होते. शिवाय स्त्री म्हणून सगळ्यांची स्थिती एकसारखी नाही, हेही विसरता कामा नये. धाराशिव-लातूरच्या स्त्रियांसारखा एक एकर मागण्यासाठी आधी घरात जमीन असावी लागते. भूमिहीन दलित बाईने तो कोणाकडे मागायचा? मराठवाड्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात याचे एक उत्तर मिळते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघम या गावगटांत मुख्यतः दलित स्त्रिया आहेत. त्यांनी पडीक जमिनी एकत्रितपणे कसायला घेतल्या, भरडधान्ये परत आणली, गावागावांत बियाण्यांच्या पेढ्या केल्या. आपल्याकडे गायरान कसणाऱ्या कुटुंबांच्या प्रश्नाशी हा अनुभव थेट जोडता येतो. जातीचा प्रश्न बाजूला ठेवून आखलेली समानता गावातल्या मोजक्या घरांपुरतीच राहील.

तिसरा आक्षेप नात्यांचा आहे. बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटते, बायकोच्या नावे जमीन केली तर घर फुटते आणि जमिनीचे तुकडे होतात, असे म्हणतात. कायदा तर कधीच पुढे गेला आहे: महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये दिला. तरी प्रेमाच्या नावाखाली बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. ज्या प्रेमाची अट हक्क सोडणे ही असते, त्या प्रेमाचा विचार भावांनीही करायला हवा. तुकड्यांची भीती तर भावाभावांच्या वाटणीत कोणी बोलून दाखवत नाही. आणि शेतकरी समाजाला हे पटणारच नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी शेतकरी संघटनेचा इतिहास आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले. त्यानंतर काही वर्षांतच संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या हाकेला प्रतिसाद देत, लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक गावांतल्या पुरुषांनी आपणहून जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे केला. हा बदल बाहेरून लादलेला नव्हता. त्याचा पाया कृतज्ञतेत आणि न्यायबुद्धीत होता. घरे त्यामुळे मोडली नाहीत.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. समुदायाच्या पुढाकाराचे गोडवे गाताना सरकार आपली जबाबदारी झटकते आणि गाव ती बायकांवर ढकलते, असे टीकाकार म्हणतात. हा धोका खरा आहे. म्हणूनच गावाच्या नेतृत्वाचा अर्थ निर्णय गावात आणि पैसा व पायाभूत सोयी सरकारच्या, असा लावला पाहिजे. २०२१ मध्ये जागतिक पातळीवर स्थानिक अनुकूलनाची जी आठ तत्त्वे मांडली गेली, त्यांत निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर न्यावेत यासोबतच स्त्रिया व वंचित गटांची रचनाबद्ध विषमता दूर करावी, असेही सांगितले आहे. एक तत्त्व घेऊन दुसरे सोडता येत नाही. नळाला नियमित पाणी, कामाच्या जागी पाळणाघर, ऊसतोड स्त्रियांची आरोग्यसेवा आणि स्वतंत्र मजुरी, रोजगार हमीचे वेळेवर पैसे, हा अनुकूलनाचाच खर्च आहे. शेतकरी कोण याची व्याख्या जमिनीच्या मालकीपासून सोडवणारे महिला शेतकरी हक्कांचे विधेयक एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत मांडले होते. ते संमत न होताच संपले. बाई शेतकरी असल्याची ग्रामपंचायतीने खात्री करून तिला प्रमाणपत्र द्यावे, ही त्यातली तरतूद आजही तितकीच आवश्यक आहे.

गावाच्या अनुकूलनाचे कोणतेही काम पुढे आले की वाचकाने तीन गोष्टी तपासाव्यात, अशी माझी विनंती आहे. यामुळे कोणाचे श्रम वाढले? यातून निर्माण झालेले पाणी, उत्पन्न किंवा मालमत्ता कोणाच्या नावावर गेली? आणि हे आपल्याला नको, असे म्हणण्याची मुभा कोणाला होती? बायकांची हजेरी, छायाचित्रे आणि प्रशिक्षणांची संख्या यांपेक्षा या तीन उत्तरांतून खरी स्थिती कळेल. समानतेचे समर्थन इथे मी बऱ्याच ठिकाणी उपयुक्ततेच्या अंगाने केले, कारण पुरावा त्या बाजूने भक्कम आहे. पण उद्या एखाद्या अभ्यासात बायकांच्या निर्णयाने उत्पन्न वाढले नाही असे दिसले, तरी त्यांचा हक्क कमी होत नाही. पुरुषाच्या हक्काला आपण अशी परीक्षा कधी लावलेली नाही. येत्या काळात प्रत्येक गावाला पीक, पाणी आणि स्थलांतर यांविषयीचे कठीण निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावे लागणार आहेत. ते घेताना निम्म्या गावाचे शहाणपण बाहेर ठेवणे आपल्याला परवडणार नाही, आणि परवडले असते तरी ते न्याय्य ठरले नसते.